तापीकाठचा जुना वाद

मुक्ताईनगर तालुक्यात तापी आणि पूर्णा जिथे एकमेकींना मिळतात, त्या संगमावर चांगदेव नावाचे गाव आहे. ज्या योग्याचे नाव गावाला मिळाले, तो चौदाशे वर्षे जगला असे खानदेशात पिढ्यानपिढ्या सांगतात. दर शंभर वर्षांनी काळ न्यायला आला की चांगदेव प्राण मस्तकात चढवून समाधी लावी. देह निश्चल पडे, शिष्य राखण करीत, काळ रिकाम्या हाताने परत जाई आणि मग योगी पुन्हा डोळे उघडी. याच परिसरात कोथळी-मेहूणला मुक्ताईचे स्थान आहे. वयाच्या विशीच्या आतबाहेर, १२९७ साली, तापीकाठी विजेच्या कडकडाटात ती गुप्त झाली अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. चौदाशे वर्षांच्या सिद्धाने ज्ञानदेवांना धाडलेले पत्र कोरे होते. ते पाहून एवढे जगूनही हा कोराच राहिला, असे ही पोर म्हणाली आणि पुढे तिनेच त्याला उपदेश केला, अशी कथा आहे.

देह जपून मरण चुकवायचे की मरण ओळखून जगायचे, हा वाद म्हणजे आपल्या प्रांताचा सातशे वर्षांचा वारसा आहे. आज तोच वाद अमेरिकेत, रशियात आणि चीनमध्ये पोलादी टाक्यांभोवती चालला आहे. त्याचे नाव क्रायोनिक्स. मरणाच्या भयातून माणसे काय काय उभे करतात आणि काय काय नाकारतात, हे समजून घ्यायला जळगाव-धुळ्याइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल.

क्रायोनिक्सची कल्पना थोडक्यात अशी. डॉक्टरांनी मृत्यू जाहीर केला की लगेच देह थंड करायला घ्यायचा, रक्त काढून त्याजागी गोठण्यापासून वाचवणारे द्रावण भरायचे आणि उणे १९६ अंश तापमानाच्या द्रवनत्रात देह ठेवून द्यायचा. आज असाध्य असलेला रोग उद्या साध्य होईल, तेव्हाचे वैद्यक या माणसाला दुरुस्त करून उठवील, ही आशा. रॉबर्ट एटिंजर या भौतिकशास्त्राच्या अमेरिकन प्राध्यापकाने १९६२ साली पुस्तक लिहून हा विचार मांडला. १२ जानेवारी १९६७ रोजी जेम्स बेडफर्ड या मानसशास्त्राच्या प्राध्यापकाचा देह कॅलिफोर्नियात पहिल्यांदा असा ठेवला गेला. तो आजही अ‍ॅरिझोनातल्या ‘अल्कोर’ संस्थेच्या टाकीत आहे. एटिंजर २०११ मध्ये गेले. त्यांचा देह, त्यांच्या आईचा आणि दोन्ही पत्नींचा देह मिशिगनमधल्या त्यांच्याच संस्थेत आहे. टाक्यांत देह डोके खाली आणि पाय वर असे ठेवतात. द्रवनत्र कधी कमी पडलेच तर मेंदूला सर्वांत शेवटी झळ लागावी, हा त्यामागचा हिशेब. खर्च अल्कोरमध्ये २ लाख डॉलरहून अधिक, मिशिगनला २८ हजार डॉलर. साठ वर्षांत जगभरात असे काहीशे देह ठेवले गेले. त्यांपैकी एकही माणूस उठलेला नाही.

हे ऐकून आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया उमटतात: एक हसण्याची, दुसरी शहारण्याची. तिसरी, म्हणजे थांबून विचार करण्याची, फारशी दिसत नाही. वास्तविक या विद्येचा निम्मा भाग खानदेशच्या गावोगावी रोज वापरात आहे. गाय माजावर आली की शेतकरी पशुवैद्यकीय दवाखान्यात वर्दी देतो. डॉक्टर द्रवनत्राच्या पात्राचे झाकण काढतात, पांढरी वाफ काठावरून खाली ओघळते, चिमट्याने बारीकशी कांडी वर येते आणि अंगाच्या उबेइतक्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरली जाते. त्या कांडीतली रेतमात्रा कित्येक वर्षे उणे १९६ अंशांवर होती. आता तिच्यातून वासरू जन्माला येणार आहे. १९४९ साली इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी ग्लिसरीन मिसळले तर शुक्रपेशी गोठवूनही जिवंत राहतात, हे दाखवले. तिथून ही विद्या गोठ्यापर्यंत आली. वंध्यत्व निवारण केंद्रांत मानवी भ्रूणही असेच ठेवले जातात, आणि त्यातून जन्मलेल्या बाळांचे पेढे आपण वाटतो.

उरलेला निम्मा भाग का अवघड आहे, हेही रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला वेगळे सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरला की केळीवर चरका येतो, पाने करपतात, घडाची वाढ थांबते. परदेशी जाणारी केळी शीत कंटेनरमध्ये तेरा-चौदा अंशांवर ठेवतात. त्याखाली नेली तर साल काळी पडते आणि फळ धड पिकत नाही. सुटी पेशी गोठवणे वेगळे आणि अनेक प्रकारच्या पेशींचा, नळ्यांचा, पाण्याचा आख्खा अवयव गोठवणे वेगळे. पाण्याचे स्फटिक होतात आणि ते पेशींच्या चिंध्या करतात. म्हणून हल्ली स्फटिक होऊच न देता द्रव काचेसारखा थिजवण्याची रीत वापरतात. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी उंदराचे मूत्रपिंड १०० दिवस असे थिजवून, पुन्हा ऊब देऊन दुसऱ्या उंदरात बसवले आणि ते चालले. ही प्रगती खरी आहे. पण उंदराच्या मूत्रपिंडापासून माणसाच्या मेंदूपर्यंतचे अंतर अफाट आहे. मेलेल्या माणसाच्या मेंदूतल्या आठवणी थिजवण्यात टिकतात की नाही, याचा पुरावा कुणापाशी नाही.

गोठवलेल्या रेतमात्रेला आणि भ्रूणाला आपण सहज स्वीकारले. मग गोठवलेल्या प्रेताचा एवढा तिटकारा का? भ्रूण आयुष्याच्या आरंभाचा आहे आणि आरंभाशी आपले भांडण नाही. शेवटाशी मात्र प्रत्येक समाजाने मोठ्या कष्टाने एक तह केलेला असतो. क्रायोनिक्स नेमके त्या तहाला हात घालते.

खानदेशातला तह डोळ्यांसमोर आणून पाहा. तोंडात तुळशीपत्र आणि गंगाजल, शक्य तितक्या लवकर अंत्ययात्रा, अग्नी, राख सावडणे, दहाव्याला पिंड मांडून कावळ्याची वाट पाहणे, मधल्या दिवसांत सोयऱ्याधायऱ्यांनी दारावर येणे आणि शेवटी गंधमुक्ती. मुसलमान घरांतही दफनाला विलंब नको असतो. या साऱ्या क्रियांतून गेलेल्याला वाट मिळते असे आपण मानतो. मागे राहिलेल्यांना ती निश्चित मिळते. कोणत्या दिवशी रडायचे, कोणत्या दिवशी गोड खायचे, कधी कामाला लागायचे, हे ठरलेले असते. आता कल्पना करा की घरातला माणूस गेला, पण राख नाही, पिंड नाही, गंधमुक्ती नाही. तो हजारो मैलांवर एका टाकीत आहे आणि कदाचित परत येईल. त्याच्या पत्नीने कुंकवाचे काय करायचे? मुलांनी सातबाऱ्यावर वारसनोंद करायची की नाही? ज्याचे मरण संपत नाही, त्याचा शोकही संपत नाही. लोकांना जे शहारे येतात, त्यात हे शहाणपण आहे. त्याला अडाणीपणा म्हणून झटकणे अन्यायाचे ठरेल.

पण त्या शहाऱ्यात भयही आहे, आणि ते ओळखायला हवे. अर्नेस्ट बेकर या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९७३ साली असे मांडले की माणसाची संस्कृती ही मोठ्या प्रमाणावर मरणाच्या भयाविरुद्ध उभारलेली तटबंदी आहे. धर्म, राष्ट्र, घराणे, कीर्ती यांच्या आधाराने आपण मेल्यानंतरही कशाचा तरी भाग म्हणून उरू, असा विश्वास माणूस मिळवतो. बेकर पुढच्याच वर्षी कर्करोगाने गेले. त्यांच्या विचाराच्या आधारे १९८९ साली काही मानसशास्त्रज्ञांनी अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनच्या न्यायाधीशांवर प्रयोग केला. वेश्याव्यवसायाच्या आरोपातील एका काल्पनिक स्त्रीला जामीन किती ठरवाल, असा प्रश्न होता. आधी स्वतःच्या मरणाबद्दल लिहायला लावलेल्या न्यायाधीशांनी सरासरी ४५५ डॉलर सांगितले, इतरांनी ५०. मरण आठवले की माणूस आपल्या रूढ मूल्यांना अधिक घट्ट धरतो आणि ती मोडणाऱ्यावर अधिक कठोर होतो, असा निष्कर्ष निघाला. अलीकडे अनेक प्रयोगशाळांनी मिळून याच सिद्धांताची मोठी पडताळणी केली तेव्हा तसा परिणाम दिसला नाही, म्हणून त्याला नियम मानता येणार नाही. तरीही एक गोष्ट रोजच्या अनुभवाला पटते. टाकीत देह ठेवायला पैसे भरणारा माणूस मरणाला भितो, हे सगळ्यांना दिसते. त्याला पाहून जो खवळतो त्याचे भय मात्र कुणाला दिसत नाही, त्याला स्वतःलाही.

आपल्या देशात या भयाने न्यायालयाची पायरीही चढली आहे. पंजाबातल्या नूरमहल येथील दिव्य ज्योती जागृती संस्थानचे प्रमुख आशुतोष महाराज यांना २९ जानेवारी २०१४ रोजी डॉक्टरांनी मृत घोषित केले. महाराज समाधीत आहेत, ते परत येतील, असे म्हणत अनुयायांनी देह शीतपेटीत ठेवला. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी डिसेंबर २०१४ मध्ये अंत्यसंस्काराचा आदेश दिला. खंडपीठाने त्याला स्थगिती दिली आणि जुलै २०१७ मध्ये देह जपून ठेवायला मुभा दिली. चांगदेवाची समाधी आणि एटिंजरची टाकी एकाच खोलीत आल्या. या प्रसंगी अमेरिकेवर हसणारे आपल्याकडे गप्प होते आणि भाविकांवर हसणारे टाकीबद्दल आदराने बोलत होते. आशा मात्र दोन्हीकडे एकच.

आता जरा मागे वळून पाहू. मरण दूरची गोष्ट नव्हती, रोजची होती, तेव्हा आपल्या माणसांनी काय केले? १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि इलाखाभर पसरला. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे १८९९-१९०० चा दुष्काळ खानदेश आणि गुजरातेत कहर करून गेला. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे नेली. १९११ ते १९२१ या दशकात भारतीयांचे सरासरी आयुर्मान जेमतेम २० वर्षे होते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी याच काळातल्या. तिशीत वैधव्य आले, प्लेगने थोरल्या मुलाला कायमचे अपंगत्व दिले, आणि तरी शेतात आणि जात्यावर त्या गात राहिल्या.

त्या काळी लोक मरणाला भीत होतेच, पण मरण टाळणाऱ्या उपायाला त्याहून अधिक भीत. १८९७ साली पुण्यात घरझडती, सक्तीची छावणी आणि प्रेतांची तपासणी यांवरून असंतोष पेटला आणि २२ जूनला प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. सक्तीच्या जाचाचा तो संताप होता, आणि मेलेल्याच्या देहाची विटंबना झाल्याचाही. त्याच वर्षी १० जानेवारीला हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. तरी गावोगाव लोक लसीपासून पळत होते. देवीच्या लसीचे तेच झाले. आज आपले सरासरी आयुर्मान ७० च्या आसपास आहे. लस, स्वच्छ पाणी, प्रतिजैविके, प्रशिक्षित दाई आणि पोटभर अन्न यांनी शंभर वर्षांत प्रत्येक माणसाच्या वाट्याला सरासरी पन्नास वर्षे घातली. चांगदेवाची चौदाशे वर्षे एकट्याची होती. ही वाढ सगळ्यांची झाली.

यावरून कुणी म्हणेल की तेव्हा लसीला विरोध करणारे चुकले, म्हणून आज क्रायोनिक्सला विरोध करणारेही चुकत आहेत. हा युक्तिवाद लंगडा आहे. लस टिकली ती आकड्यांवर. टोचलेल्यांत आणि न टोचलेल्यांत मेले किती, हे दोन-चार वर्षांत मोजून दाखवता आले. क्रायोनिक्स मोजायला काहीच देत नाही. ते फक्त भविष्याकडे बोट दाखवते. इतिहासातून धडा घ्यायचा तो एवढाच: भयाने दिलेला कौल, होकाराचा असो की नकाराचा, पुराव्याची जागा घेऊ शकत नाही.

पुरावा हाती येईपर्यंतही माणसाला मरणाशी काहीतरी नाते ठेवावे लागते. त्याबद्दल सर्वांत निर्भीड शब्द बोलले गेले ते धुळ्याच्या तुरुंगात. १९३२ साली २१ फेब्रुवारी ते १९ जून असे सलग अठरा रविवार विनोबांनी तिथे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. ऐकणारे सत्याग्रही कैदी होते. लाठी आणि तुरुंग सोसलेले. आठव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी मरणाचे स्मरण ठेवण्याचा आग्रह धरला. आत्मा अमर आहे असे सांगणाऱ्या देशात मरणाला इतके भितात, मरण हा शब्दही घरात नको असतो, याची त्यांना खंत होती. विसरायचा प्रयत्न केल्याने मरण टळत नाही, त्याची तयारी मात्र राहून जाते, असे त्यांचे म्हणणे होते. पन्नास वर्षांनी, १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, अन्न आणि औषध सोडून त्यांनी पवनारला देह ठेवला. प्रत्येकाने असेच जावे असे नाही. पण जे बोलले ते शेवटपर्यंत आपल्या देहावर उतरवणारा माणूस धुळ्यातून बोलून गेला, हे आपण विसरू नये.

आणि टिकून राहण्याची इच्छा? तीही या मातीला परकी नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. तिथला चांगदेव वेगळा: भास्कराचार्यांचा नातू, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ‘सिद्धान्तशिरोमणी’ शिकवले जावे म्हणून त्याने मठ काढला आणि १२०७ च्या सुमारास त्या मठाला दान मिळाले. १८६५ साली डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख जगासमोर आणला. धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस गेले, तेव्हा मागे राहिलेल्या माणसांनी काही दिवसांतच त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे केले आणि त्यांनी जन्मभर पायपीट करून जमवलेली दप्तरे वाचवली. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि भाचा पितांबर यांनी गाणी टिपून ठेवली नसती, तर ३ डिसेंबर १९५१ ला त्यांच्याबरोबरच ती संपली असती. पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने ती छापली गेली, आणि आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

या तिन्ही ठिकाणी नाशाविरुद्धची झुंज आहे, आणि ती झुंजण्यासारखी आहे. मात्र नातवाने, सहकाऱ्यांनी, मुलाने जपले ते दुसऱ्याच्या कामाचे होते. जपलेली वस्तू पुढच्या पिढीच्या हातात पडली. टाकीतला देह कुणाच्या हातात पडत नाही. त्यालाच पुढच्या पिढ्यांनी सांभाळायचे असते, द्रवनत्र भरत राहायचे असते. ते ओझे कसे कोसळते, हे कॅलिफोर्नियात दिसले आहे. चॅट्सवर्थच्या तळघरात ठेवलेले नऊ देह पैसे संपल्यामुळे वितळून गेले आणि १९७९ मध्ये ते उघडकीला आले. त्या नातेवाइकांना एकाच माणसाचा शोक दोनदा करावा लागला.

म्हणून या विषयावर आपली भूमिका स्पष्ट असावी. स्वतःचा पैसा खर्चून, डोळे उघडे ठेवून कुणी हा जुगार खेळत असेल तर त्याची टर उडवू नये. अधिक जगावेसे वाटणे हा गुन्हा नाही. पण शोकात बुडालेल्या कुटुंबाला आशा विकण्याचा धंदा उद्या आपल्याकडे आला, तर त्याच्याकडे पुरावा मागण्याचे, करार तपासण्याचे, फसवणुकीला शिक्षा करण्याचे काम कायद्याने करावे. आशुतोष महाराजांच्या प्रकरणात निवाड्याला साडेतीन वर्षे लागली. मेलेल्या देहावर हक्क कुणाचा, याचे स्वच्छ उत्तर कायद्यात असायला हवे.

भयाचा खरा हिशेब मात्र आपल्या घरात मांडायचा आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. शुद्ध हरपली तर यंत्रांवर किती काळ ठेवायचे, हे आधी लिहून ठेवायची मुभा दिली, आणि २०२३ मध्ये ती पद्धत सोपीही केली. आपल्यापैकी किती जणांनी असा कागद केला? मृत्युपत्राचा विषय काढला की ‘असं अभद्र बोलू नका’ म्हणून पोरे वडिलांना गप्प करतात, आणि पुढे तीच भावंडे बांधासाठी कोर्टात उभी राहतात. अवयवदानाचा अर्ज भरताना हात थरथरतो. टाकीत देह ठेवणाऱ्याला जे भय खेचून नेते, तेच आपल्याला या कागदांपासून लांब ठेवते.

आणि सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांतून, अडलेल्या बाळंतिणीला अजूनही बांबूच्या झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावे लागते. तो भाग १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होता. तिथले मरण थिजवून पुढे ढकलायला भविष्यातल्या विद्येची गरज नाही. रस्ता, रुग्णवाहिका, रक्ताची पिशवी आणि जागेवर असलेला डॉक्टर पुरेत, आणि या चारही गोष्टींचा शोध कधीच लागून गेला आहे. आपल्या मरणाचे भय मनातून जाणार नाही, जायलाही नको. त्या भयाला दुसऱ्याच्या अवेळी मरणाची चाड लावता आली, तर शंभर वर्षांत पन्नास वर्षे मिळवून देणारे काम आपल्या हातून पुढे सरकेल. मरणाविरुद्ध माणसाला आजवर मिळालेला खात्रीचा विजय तोच आहे, आणि सातपुड्यात तो अजून पोहोचायचा आहे.